द्राक्षांच्या पैशांचा कॉम्प्युटर

दोस्तहो, या आठवड्याच्या टपालात एक जाडजूड पाकीट होतं. निफाड तालुक्यातल्या एका नववीतल्या मुलाचं. चार पानी पत्र, त्याला टाचलेलं एका जाहिरातीचं छापून काढलेलं पान आणि शेवटी लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलेली ओळ : ‘काका, लवकर सांगा, सूट रविवारपर्यंतच आहे!’ तो रविवार आता केव्हाच मागे पडलाय. आणि खरं सांगू का, बरंच झालं!

हकीगत अशी. या मुलाला गेम खेळायला स्वतःचा पहिलावहिला कॉम्प्युटर हवाय. घरी दोन एकर द्राक्षबाग. मागे एकदा ऐन काढणीच्या तोंडावर अवकाळी पावसाने मणी तडकले, तेव्हापासून हा विषय घरात निघालाच नव्हता. यंदा माल बरा गेला. अप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, पन्नास हजार कबूल केले. पण बजावूनही ठेवलं, ‘एवढ्यात सगळं बसव. पुन्हा मागायचं नाही.’ मग पठ्ठ्याने शोधाशोध केली आणि ही जाहिरात सापडली. आय-सेव्हन प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट, आत इंद्रधनुष्यासारखे दिवे. किंमत बावीस हजार! पुढे त्याने लिहिलंय की उरलेले अठ्ठावीस हजार तो अप्पांना परत देणार आहे. औषधांच्या दुकानाची उधारी फेडायला.

हे वाचलं आणि मी या अंकासाठी ठरवलेला दुर्बिणीचा विषय बाजूला ठेवला. अशा मुलाचे बावीस हजार पाण्यात जाता कामा नयेत.

आधी ती जाहिरात नीट वाचू. ‘आय-सेव्हन’ हे नाव भारदस्त आहे, पण ते आडनावासारखं आहे. आडनावावरून माणसाचं वय कळतं का? नाही ना! प्रोसेसरचं वय त्याच्या पुढच्या आकड्यात असतं. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘आय७-२६००’ असं छापलंय. यातला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी. हा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये बाजारात आला. तेव्हा आपला दोस्त पाळण्यात असेल, किंवा जन्मायचाच असेल. आता याच्या शेजारी ठेवू ‘आय३-१२१००’. नाव धाकट्याचं, पण पिढी बारावी, साल २०२२. दोघांनाही चारच कोअर, दोघेही एका वेळी आठ कामांचे धागे ओढतात. तरी धाकटा आय-थ्री त्या थोरल्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. अकरा वर्षांत कोअरची रचनाच बदलली.

ते चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड? तेही बारीक अक्षरात आहे : जीटी ७३०. साल २०१४. जीबीचा आकडा म्हणजे कार्डाची कोठी किती मोठी आहे एवढंच. कोठी मोठी असून काय उपयोग, आत काम करणारे हात थोडे आणि ने-आण करणारी वाट अरुंद असेल तर?

आणखी एक मेख आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. पत्रात ज्या ‘व्हॅलोरंट’साठी जीव टाकलाय, तो खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन सुरक्षा सोयी चालू असल्याशिवाय उघडतच नाही. दुसऱ्या पिढीच्या मदरबोर्डावर टीपीएम २.० कुठून आणणार?

गंमत बघा, जाहिरातीत खोटं असं काहीच नाही. आय-सेव्हन आहे, सोळा जीबी आहे, चार जीबी आहे, दिवे तर आहेतच आहेत!

बरं, मग घ्यायचं काय? दुकानात पाय ठेवण्याआधी वहीत दोन गोष्टी लिहा : मी काय खेळणार, आणि कुठल्या पडद्यावर? आपल्या दोस्ताची यादी आहे माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह. (आई-बाबांनो, शेवटचा खेळ १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. नववीतल्या मुलाचं ते नाव मी यादीतून खोडलंय, आणि तो माझ्यावर रागावणार हेही मला ठाऊक आहे.) पडदा घरात आहेच, दिवाणखान्यातला टीव्ही. त्याला एचडीएमआयची खाच आहे असं त्याने लिहिलंय. शाब्बास! म्हणजे मॉनिटरचे पैसे आत्ता वाचले. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असला तर तो चालू करायचा, नाहीतर बटण दाबल्यावर माणूस जरा उशिराच उडी मारतो.

आता थोडं गणित. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके. खेळ सुरळीत दिसायचा तर हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावं लागतं. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके रंगवायचे! हे काम एकटा प्रोसेसर करत बसला तर खेळाचं मातेरं होईल. प्रोसेसर असतो मुकादमासारखा : हुशार, हरहुन्नरी, पण हात मोजके. ग्राफिक्स म्हणजे काढणीला आलेली टोळी. एकेकाचं काम साधं, पण माणसं शेकड्यांनी. बाग काढायला टोळीच लागते.

काही प्रोसेसरांच्या पोटातच अशी छोटी टोळी असते. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा २०२१ सालचा प्रोसेसर तसला आहे. सहा कोअर, आणि आतच ४४८ छोटे गणकरी. वेगळं कार्ड न लावता त्यावर माइनक्राफ्ट आणि व्हॅलोरंट छान चालतात. जड खेळ चित्राचा दर्जा उतरवून चालतात. याउलट रेडिऑन आरएक्स ६६०० सारखं वेगळं कार्ड घेतलं तर त्यात १७९२ गणकरी असतात. चौपट! पण पैसेही तसेच. (जाता जाता : इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्याच्या पोटात ग्राफिक्स नसतं. तो स्वस्त पडतो म्हणून उचलाल आणि घरी येऊन काळा पडदा बघत बसाल.)

तेव्हा माझा सल्ला असा, की हा कॉम्प्युटर दोन हंगामांत घ्या. या हंगामात ५६००जी, कार्ड नाही. पुढे जमेल तेव्हा कार्ड. निफाडच्या मुलाला हे मी काय समजावून सांगणार? द्राक्षाची बाग लावली की पहिल्याच वर्षी कोणी घड मागतं का? आधी अँगल रोवायचे, तारा ताणायच्या, ठिबक टाकायचं. वेल वाढायची ती वाढेल, पण मांडव पहिल्यापासून पुढच्या ओझ्याचा विचार करूनच घालतात. कॉम्प्युटरचा मांडव म्हणजे मदरबोर्ड आणि एसएमपीएस. मदरबोर्ड ‘एएम४’ खाचेचा घ्या, रॅमच्या चार खाचा असलेला मिळाला तर उत्तम, आणि ग्राफिक्स कार्डाची लांब खाच त्यावर आहे ना, ते बोट ठेवून बघा. एएमडीची नवी खाच ‘एएम५’ २०२२ मध्ये आली. ती जास्त टिकाऊ वाट आहे हे मान्य, पण तिला डीडीआर५ रॅमच लागते आणि पन्नास हजारांत मग बाकीच्याची ओढाताण होते. मी तरी या वेळी जुन्या वाटेनेच जाईन.

रॅमचं एक लक्षात ठेवा. सोळा जीबीची एक पट्टी घेऊ नका, आठ-आठच्या दोन घ्या. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची कोठी नसते, ते रॅमच उसनी वापरतं. एक पट्टी म्हणजे एकबैली गाडी, दोन म्हणजे बैलजोडी. खेळात हा फरक डोळ्यांना दिसतो.

तुम्ही म्हणाल, काका एवढं सांगतात पण भाव का नाही लिहीत? अरे, लासलगावच्या कांद्याचा भाव मी आज लिहिला तर अंक तुमच्या हाती पडेपर्यंत तो खरा राहील का? या सुट्या भागांचंही तसंच झालंय. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डं आकाशाला भिडली होती, कारण इथेरियम नावाचं आभासी चलन ‘खणायला’ लोक ती डझनाने लावत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच सोडली आणि दिवसरात्र राबलेली हजारो कार्डं जुन्या बाजारात आली. म्हणून वापरलेलं कार्ड घेताना ते समोर अर्धा तास खेळ चालवून दाखवा म्हणायचं. मग २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमची पाळी आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप ढिगाने लागतात, त्या बनवणारे मोठे कारखानदार जगात मोजकेच, त्यांनी तिकडे माल वळवला आणि आपल्याकडची साधी पट्टी एकाएकी महाग झाली. तेव्हा आधी रॅमचा भाव काढा आणि मग बाकीची वही मांडा.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या, ५०० जीबी पुरे. तिच्यावर मला जास्त शब्द खर्च करायचे नाहीत, कारण ते मला एसएमपीएससाठी हवेत.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतल्या विजेची कॉम्प्युटरला लागणारी वीज करणारी ती पत्र्याची पेटी. तिच्यामुळे खेळ एका ठिपक्यानेही वेगात चालत नाही. म्हणून सगळे पैसे वाचवतात ते तिथेच. मीही वाचवले होते. साल १९९८. नाशिकमध्येच मी माझा पहिला कॉम्प्युटर जोडला. पेंटियम एमएमएक्स, ३२ एमबी रॅम. केवढा तोरा माझा! कॅबिनेटसोबत एसएमपीएस ‘फ्री’ मिळाला होता. पाच महिने मजेत गेले. मे महिन्यात एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. परत आली तेव्हा घरातला बल्ब नेहमीपेक्षा पांढरा पेटला. पाठोपाठ फट् आवाज आणि जळका वास. त्या फुकटच्या पेटीने जाताना मदरबोर्ड नेला आणि हार्ड डिस्कही. डिस्कवर ताईचा बी.एस्सी.चा प्रोजेक्ट होता. सत्तर पानं. दुसरी प्रत नव्हती, कारण ‘कॉम्प्युटरमध्ये आहे ना, कुठे जातंय’ असं तिला मीच सांगितलं होतं. ताई मला एक शब्दही बोलली नाही. अकरा दिवस बसून तिने तो पुन्हा हाताने लिहून काढला. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

म्हणून ही पेटी विकत घेताना तिच्या अंगावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरात ‘५०० वॉट’ असतं, त्याकडे बघू नका. खाली तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. विज्ञानाच्या तासाला शिकलाय ना, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट? समजा तिथे १८ आहे. बारा गुणिले अठरा, दोनशे सोळा. म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड ज्या रकान्यावर जगतात, तिथे ही ‘५०० वॉट’ची पेटी २१६ वॉटच देते! आता मागणी मोजा. ५६००जी ६५ वॉटचा, आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॉटचं, झाले १९७. मदरबोर्ड, पंखे, एसएसडी यांचे वर पन्नासेक धरा. २१६ मध्ये बसतं का? एएमडी स्वतःच या कार्डासाठी किमान ४५० वॉटचा एसएमपीएस सांगते. नावाजलेल्या कंपनीचा, खरा ४५० ते ५५० वॉटचा घ्या. त्यावर ‘८० प्लस’ची खूण असावी. तिचा अर्थ एवढाच की घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के ती कामी लावते. ती काही सुरक्षिततेची हमी नव्हे, पण जो कारखानदार पेटी तपासणीला पाठवतो, तो सहसा बाकीचं कामही नीट करतो. आणि वॉरंटी किती वर्षांची ते विचारा. पाच असेल तर डोळे मिटून घ्या.

हो, आणि घरातल्या प्लगला अर्थिंग आहे का? कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असं ज्यांच्याकडे होतं, तिथे अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. ते तपासायचं काम तुमचं नाही, वायरमनला बोलवा. मळ्यातल्या घरी विजेचे झटके जास्त, तेव्हा ६०० व्हीएचा यूपीएस हिशोबात धरा. तो साधारण ३६० वॉट ओढू शकतो. कार्ड येईल तेव्हा त्याचं ओझं पुन्हा मोजायचं.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं. काचेच्या तोंडाचं दिसतं झकास, पण आत हवा जायला वाटच नसते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. मागच्या मोकळ्या पट्ट्या मात्र बंद ठेवा. आत पाल शिरते. हसू नका, मी स्वतः बाहेर काढलीय!

पत्रात अप्पांचीही एक शंका आहे : ‘असेंबल्ड नको, कंपनीचा घे. जोडलेल्याचा काय भरवसा?’ अप्पा, तुमच्या तालुक्यातच ओझर आहे. तिथल्या एचएएलच्या कारखान्यातून निघालेली सुखोई-३० एमकेआय विमानं तुमच्या बागेवरून गेली असतील. त्या विमानाच्या इंजिनाचा आराखडा रशियन, काही पडदे फ्रेंच, वैमानिकाच्या डोळ्यांसमोरची काच इस्रायली आणि मिशन कॉम्प्युटर भारतीय. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. अमेरिकेने आपल्याला बडा क्रे संगणक द्यायला नकार दिला होता. मग या मंडळींनी इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या, बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिप घेतल्या आणि त्या शेजारी शेजारी जोडून काम भागवलं. जोडलेलं वाईट नसतं. कोणी, काय बघून जोडलं ते विचारायचं.

खरेदी कुठे करावी? मुंबईचा लॅमिंग्टन रोड म्हणजे या बाजाराची पंढरी. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने निघायचं, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, संध्याकाळी त्याच गाडीने परत. मी पुष्कळदा केलंय आणि मजा येते. पण पहिल्या कॉम्प्युटरसाठी मी नाशिकच म्हणेन. दोन-तीन दुकानांतून लेखी कोटेशन आणा, प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव लिहून मागा. ‘गेमिंग मदरबोर्ड’ किंवा ‘चांगला एसएमपीएस’ असं लिहिलं असेल तर कागद परत करा. थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. एखादा भाग बिघडला तर मुंबईच्या एका फेरीत ती बचत संपते, शाळा बुडते ती वेगळीच. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर भागांचे सीरियल नंबर घालून घ्या, आणि खोकी फेकू नका. वॉरंटी प्रत्येक भागाची वेगवेगळी असते.

आणि दोस्ता, तुझ्या त्या अठ्ठावीस हजारांचं. तेवढे काही उरणार नाहीत, हे आत्ताच सांगतो. पण टीव्ही वापरून आणि कार्ड पुढे ढकलून थोडे जरूर उरतील. वही मांड, अप्पांना शेजारी बसवून बेरीज कर आणि पैसे देण्याआधी कोटेशनची झेरॉक्स मला पाठव. सोबत एसएमपीएसच्या लेबलचा फोटोही.

पुढच्या आठवड्यात सगळे भाग टेबलावर मांडून प्रत्यक्ष जोडणी करू. हत्यार एकच लागेल, चौफुलीचा स्क्रू-ड्रायव्हर. दुर्बीण त्यानंतर!